जंगलातलं कोवळं

आमच्या घरात सुना सासऱ्याचे नाव घेत नसत. यात विशेष काही नाही, तेव्हा कुणाच्याच घरात घेत नसत. पण आमच्याकडे नावाच्या आसपासचे शब्दही वर्ज्य होते, आणि माझ्या वडिलांच्या नावाची सुरुवातच 'वास' अशी होत असल्यामुळे माझ्या बायकोची बरीच अडचण होई. वासराला ती 'गाईचं पोर' म्हणे. छपराचा वासा किडला तेव्हा तिने 'वरचं लाकूड' एवढेच सांगितले, आणि आम्ही तीन दिवस भलतेच लाकूड तपासत बसलो. दूध करपले की घरभर वास सुटे, पण तो सुटला आहे हे तिला सांगता येत नसे. 'दूध काहीतरी बोलून राहिलं' असे ती म्हणे. आम्हाला याची इतकी सवय झाली होती की त्यात कुणाला काही वाटत नसे.

वडिलांचे नाव बिनदिक्कत घेणारी घरात एकच बाई होती, ती म्हणजे माझी आत्या. ती वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि माझी आई गेल्यापासून घर तीच चालवत होती. भावाचे नाव ती दिवसातून वीसदा घेई, तेही बहुतेक वेळा रागाने. कुठला शब्द घ्यायचा आणि कुठला नाही, असा प्रश्न तिला आयुष्यात पडला नव्हता. पुढे जे झाले त्याला हेच कारण झाले.

आमचे गाव पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाच्या डोंगराकडच्या अंगाला. समोर धानाची शेते, मागे जंगल, आणि जंगलाच्या कडेला बांबूच्या रांज्या, म्हणजे बेटे. पहिली लढाई संपून दोन-तीन वर्षे झाली होती. त्या पावसाळ्यात माझी बायको तिसऱ्यांदा पोटुशी होती. पहिले मूल सहाव्या महिन्यात गेले होते. दुसरे जन्मले, चार दिवस राहिले आणि गेले. तिसऱ्याच्या वेळी मी घाबरलेला होतो, आणि हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही म्हणून आता बोलून टाकतो. मला ते मूल जगायला हवे होते. त्यासाठी कुणी मला उलटे टांगून घ्यायला सांगितले असते तर मी झाड कुठले एवढेच विचारले असते.

आत्याने मात्र कारभार हाती घेतला. पाचवा महिना लागताच तिने बायकोची चटई आपल्या खोलीत नेली आणि मला आंगणाच्या अलीकडे थांबायला सांगितले. बायकोशी बोलायचे नाही. बायको पोटुशी असताना नवऱ्याने जीव घेऊ नये असे आमच्याकडे म्हणत. आत्याने त्यात कोंबडी, विंचू आणि उंदीरही घातले. गेल्या दोन्ही वेळा मी काही ना काही मारले होते, असे तिचे म्हणणे. पहिल्या वेळी साप मारला होता हे खरे. दुसऱ्या वेळचे मला आठवत नव्हते, पण तिला आठवत होते.

राहता राहिले डोहाळे. गेल्या दोन्ही वेळा सुनेला काय खावेसे वाटते हे कुणी नीट विचारले नव्हते. या वेळी आत्याने स्वतः विचारले. एकदाच विचारले, कारण दुसऱ्यांदा विचारले की डोहाळा विटतो आणि पोटातले मूल रुसते, असे तिचे मत होते. उत्तर घेऊन ती आंगणात आली. वडील आणि मी पावसाची उघडीप बघत बसलो होतो.

"जंगलातलं कोवरं पायजे मनते," आत्या म्हणाली. आमच्याकडच्या बोलीत 'ळ' नाही, त्यामुळे कोवळ्याचे कोवरे होते. "बांबूच्या रांजीत, बुडाशी रायते मनते ते."

वडिलांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांच्या मते जंगलात कोवळी म्हणावी अशी एकच गोष्ट होती. चितळाची मादी आपले पाडस बांबूच्या रांजीत दडवून चरायला जाते, हे आमच्या गावात कुणालाही माहीत होते. सुनेला एवढे नेमके ठाऊक आहे याचे वडिलांना कौतुक वाटले. पाडसाच्या मांसाबद्दल त्यांची स्वतःची काही मते होती. शिंगे आलेल्या नराचे मांस म्हणजे दोराचे वेटोळे. मादीचे बरे, पण शिजायला वेळ खाते. पाडसातही गवताला तोंड लावलेले वेगळे आणि नुसते दुधावरचे वेगळे, आणि खरी चव त्या दुसऱ्याची. वडिलांच्या तोंडात तेव्हा चारच दात उरले होते, हेही इथे सांगायला हवे.

अडचण अशी होती की मारणार कोण. घरात एक ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून धान राखण्यासाठी परवान्याने घेतलेली. ती मी चालवत असे. पण मला जीव घ्यायची मनाई होती. वडील पूर्वी चांगले नेमबाज होते, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि बैल कुठला व मी कुठला हे ते आवाजावरून ओळखत. एका बाजूला डोहाळा पुरवला नाही तर मूल धोक्यात, दुसऱ्या बाजूला मी पाडस मारले तर मूल धोक्यात. आम्ही अर्धा दिवस यावर बोललो. शेवटी तोड वडिलांनीच काढली. बंदूक माझ्या खांद्याला, डोळा माझा, आणि घोडा ओढायला बोट त्यांचे.

आत्याने विचारले, बोट नक्की कुणाचे राहील. वडील म्हणाले, माझे. मग चालते, असे ती म्हणाली आणि मसाला वाटायला गेली.

खळ्यात आम्ही सराव केला. मी गुडघ्यावर बसून नेम धरायचा, वडिलांनी मागून माझ्या अंगावर ओणवे होऊन हात पुढे घालायचा, आणि मी 'हं' म्हटले की बोट दाबायचे. दारू महाग म्हणून सराव नुसत्या कोरड्या बंदुकीचा. वडिलांची दाढी माझ्या कानाला टोचत असे. गडी माणसे काम सोडून बघत उभी राहिली. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तसे आम्ही निघालो. बरोबर गावातला एक म्हातारा गोंड होता. जंगलातले माग त्याच्याइतके कुणाला कळत नसत, आणि वडिलांच्या ऐन उमेदीत तो नेहमी त्यांच्याबरोबर असे. त्याने काय आणि कशासाठी ते विचारले नाही. वडिलांनी पाडस म्हटल्यावर त्याने खांद्यावरचा शेला सारखा केला आणि तो पुढे चालू लागला.

बांबूत ओल होती. वडिलांचा हात माझ्या खांद्यावर, त्यामुळे मी पाय टाकीन तिथेच ते टाकत. एका रांजीपाशी माझा पाय कशावर तरी पडला आणि कट्ट आवाज झाला. पाहिले तर वास्ता होता, बांबूचा नवा कोंब. पावसाने सगळीकडे वास्ते वर आले होते. म्हाताऱ्याने वळून माझ्याकडे रागाने पाहिले. मग वाकून तो मोडका वास्ता उचलला, शेजारचे तीन-चार खुडले आणि शेल्यात बांधले. शिकारीला आलेला माणूस भाजी गोळा करतो याचा मला थोडा रागच आला.

पाडस पुढच्याच रांजीत होते. मादी वीसेक पावलांवर चरत होती. माझ्या पायाच्या आवाजाने तिने मान वर केली होती, पण ती हलली नव्हती. पाडस खाली बसलेले, अंगावरचे ठिपके वाळल्या पानांत मिसळून गेलेले. म्हाताऱ्याने बोट दाखवले नसते तर मला दिसलेच नसते.

मी गुडघ्यावर बसलो. वडिलांची दाढी कानाला लागली. दिसते का, त्यांनी अगदी हळू विचारले. मी मान हलवली. पाडस उठून उभे राहिले. पाय अजून अंगाच्या मानाने फार लांब होते आणि ते सारखे करायला त्याला वेळ लागला. मग ते आमच्याकडे बघू लागले. पळाले नाही. त्याला आम्ही कोण ते माहीत नसावे.

माझा नेम धरून झाला होता. मी 'हं' म्हटले नसते तर वडिलांना काही कळले नसते. पाडस पळाले असे सांगता आले असते. हे मला तेव्हाही सुचले होते. पण मला ती चार दिवसांची मुलगी आठवली, आणि मी 'हं' म्हटले. बोट वडिलांचे होते. आत्याने बोटाची चौकशी केली होती, तोंडाची केली नव्हती.

परत येताना वडील खूश होते. म्हाताऱ्याला त्याचा वाटा देऊ लागलो तर त्याने नको म्हटले आणि शेल्यातले वास्ते घेऊन तो घरी गेला. त्याचे पोट बरे नसावे असे मला वाटले.

आत्याने ते मांस मन लावून शिजवले. माझ्या बायकोला पाटावर बसवले, समोर थाळी ठेवली आणि आम्ही सगळे दुरून बघत राहिलो. पोटुशी बाई डोहाळ्याचे खाताना घरच्यांनी बघावे, अशी आमच्याकडे रीत. बायकोने थाळीकडे पाहिले. हे काय आहे, असे तिने आत्याला विचारले असावे, कारण आत्याने मोठ्याने उत्तर दिले की तू मागितलेस तेच. बायकोने पदर पुढे ओढला आणि खाल्ले. आत्याने आणखी वाढले, तेही खाल्ले. संध्याकाळी खाल्ले, दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा खाल्ले. आमच्यासाठी फार थोडे उरले. मी माझ्या वाटणीचे खाल्ले आणि आणखी आहे का म्हणून विचारलेही. मांस खरोखरच कोवळे होते. वडिलांचे म्हणणे बरोबर होते.

त्या दोन दिवसांत ती मादी रांजीच्या कडेला, आमच्या वाडीच्या मागेच येऊन ओरडत होती. थोडे थांबे, पुन्हा ओरडे. वाघ फिरत असेल, आत्या म्हणाली. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला.

कार्तिकात मुलगी झाली. चार दिवस झाले, महिना झाला, वर्ष झाले. ती जगली. वडिलांनी गावभर सांगितले की सुनेचा डोहाळा त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या आत पुरवला. हळूहळू गोष्टीतून माझा खांदा आणि डोळा दोन्ही निघून गेले आणि वडिलांनी एकट्यानेच गोळी घातली असे ठरले. मीही ते खोडले नाही. मुलीचे डोळे मोठे होते आणि पाय लांब, म्हणून घरात सगळे तिला 'पाडसू' म्हणू लागले. गावही म्हणू लागले. तिची आई मात्र तिला त्या नावाने कधी हाक मारत नसे. तिला लाडाची नावे आवडत नसावीत, असे मी धरून चाललो होतो.

पुढे वडील गेले, आत्या गेली. दुसरी लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासे झाले. पाडसूचे लग्न झाले आणि त्या पावसाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. मला आनंद झाला होता. मी बायकोला म्हटले, तिला काय खावेसे वाटते ते विचार. आणि तुझ्यासारखेच काही मागत असेल तर तसे सांग. बंदूक आहे, आणि या वेळी मला जीव घ्यायची मनाईही नाही. एवढे बोलून मी खुंटीवरची बंदूक काढायला उठलोसुद्धा.

बायको मागच्या दाराने गेली. परत आली ती टोपली घेऊन, आणि ती माझ्या पुढ्यात ठेवली. टोपलीत वास्ते होते. नुकतेच खुडलेले, बुडाशी माती लागलेले.

"हे मागतलं होतं मी," ती म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. मग जंगलातले, कोवळे, बांबूच्या रांजीत, बुडाशी, हे सगळे एकेक करून जागेवर बसले. टोपलीकडे बघत मी तो शब्द मनात म्हटला आणि त्याच्या सुरुवातीचे 'वास' मला ऐकू आले. वडील जाऊन नऊ वर्षे झाली होती, तरी तिने तो आजही तोंडाने उच्चारला नव्हता.

पाडस कसे शिजवले होते, थाळी कशी भरली होती, ती कशी खात होती, हे मला डोळ्यांपुढे दिसत होते. मी विचारले, मग तेव्हा खाल्लेस काऊन? नको म्हणायचे होतेस. एवढे सगळे, दोन दिवस.

ती खाली बसली आणि एक वास्ता सोलायला घेतला.

"त्याची माय मागं ओरडून रायली होती," ती म्हणाली. "मी खाल्लं नसतं तं माझं मन भरलं नाई मनून तुमी दुसरं आनलं असतं."

आतून मुलीने विचारले, काय चालले आहे म्हणून. तिला बाहेर बोलवावे, असे मनात येऊन मी तोंड उघडले. पण हाक कुठल्या नावाने मारावी ते मला सुचेना.