पाराखालची सतरंजी

नांदेडहून सेलूकडं जायचं कसं, तिकडं बघायला काय आहे, असं दोघीतिघींनी विचारलंय. सांगते. पण आधीच बजावते, हे गोडगोड प्रवासवर्णन नाही. ती जत्रा आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी नांदेडला मुलींना गाणं शिकवायची. सेलू तालुक्यातल्या एका गावाहून निरोप आला, चैत्रातल्या जत्रेत सवाल-जवाबाचा सामना आहे, परीक्षक म्हणून या. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच त्याचा मान वाढायला नको. गेल्या साली निकालावरून तिथं डोकी फुटली होती, म्हणून त्यांना बाहेरचं माणूस हवं होतं. घरचे म्हणाले, नसत्या उठाठेवी कशाला? मला कुणी नको म्हटलं की जायचंच असतं. गेले.

तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. चुडावा गेलं की पूर्णा. तिथं गाडी लय वेळ थांबायची, तेवढ्यात गरम भजी खाऊन घ्यायची. त्याच थांब्यावर माझ्या डब्यात पेटी-ढोलकी घेऊन चौघंजणं चढली. पुढं एक ठसठशीत बाई. शेवंताबाई. गप्पा सुरू झाल्या तेव्हा कळलं, सामन्यातली एक बाजू हीच. मी परीक्षक आहे म्हटल्यावर ती उठली. म्हणाली, "मग आता तुमच्यासंगं बोलणं बरं न्हाई, बाई." आणि पार खिडकीच्या टोकाला जाऊन बसली. मला ती तिथंच आवडली.

ढोलकी वाजवणारा तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. त्याला गप्प बसवत नव्हतं. "तिचं माहेर हाय ते," तो हळूच म्हणाला. "दंगलीत घर जाळलं, तवापासून समदे पूर्ण्याला. सासरा जलमभर पाराखाली उभं राहून हलगी वाजवायचा. जिंकणाऱ्याला पारावर बसवून फेटा बांधतेत. तेवढ्यासाठी जायलीय ती."

सेलूला उतरून वालूरची एसटी, तिथून बैलगाडी. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. टोपी, उपरणं काहीतरी डोक्याला हवंच.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष तात्या. त्यांच्या घरी जेवण होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर करडईचं कच्चं तेल. चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू. वाढता वाढता तात्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. मी विचारलं, "पूर्ण्याच्या मंडळींची पानं कुठंयत?"

"त्यांची येवस्था त्यांच्या वस्तीत हाय, बाई. रिवाज हाय तसा."

रिवाज म्हणे. मी दुसरी भाकरी घेतली नाही.

सामना दुपारी, मारुतीसमोरच्या पारावर. म्हणजे पारावर किसनबुवा, जुने नामांकित शाहीर, पिंपळाच्या गार सावलीत. आणि शेवंताबाईची माणसं खाली उन्हात, एका विटक्या सतरंजीवर. मी तात्यांना म्हटलं, दोघांना एकाच ठिकाणी बसवा. ते हसले. "वर जागा न्हाई, बाई." वर कमिटीचे सतरा रिकामटेकडे मांडी घालून बसले होते, त्यांना जागा होती.

नियम साधा होता. उत्तर सुचलं नाही की आपलं वाद्य जमिनीवर ठेवायचं. वाद्य खाली ठेवलं, सामना संपला.

किसनबुवांचं गाणं म्हणजे जुनं, संथ, कोड्यांचं. एकेक ओळ मुरंबा चाखावा तशी चाखत म्हणायचे. शेवंताबाईचं सगळं उलटं. कव्वालीचा ठेका, टाळीवर टाळी, बोलता बोलता ओळ जुळवायची. बुवांनी चार कोडी घातली, तिनं चारही फोडली. मग बुवांनी हुकमी सवाल काढला:

"देहनगरी ही कुणी बांधली, किती तियेला दारं?
सांग शहाणे भरल्या सभेत, नाहीतर मान हार."

ढोलकी थांबली. शेवंताबाई उभी राहिली, पाराकडं हात केला, आणि ठेक्याशिवाय म्हणाली:

"नऊ दारं देहाची बुवा, मोजली मी सारी.
दहावं दार या पाराचं, त्याला का पहारेकरी?"

बुवांनी डफावर थाप मारली, ओठ हलवले, पुन्हा थाप मारली. मग पाराच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि डफ जमिनीवर ठेवला. अख्ख्या गावानं पाहिलं.

मी माईकवर निकाल सांगितला, शेवंताबाई जिंकली. "शेवंता" एवढंच वाजलं. पुढं कुणीतरी वायर उपटली. मग मी ओरडून सांगितलं. तात्या माझ्या कानाशी आले. "बाई, बरोबरी म्हणा. गावाची शांतता बघा. बरोबरी झाली की फेटा वडीलधाऱ्याला, असा रिवाज हाय."

"डफ खाली आहे, तात्या. बरोबरी कसली?"

त्यांनी वायर जोडून स्वतःच बरोबरी जाहीर केली. आणि किसनबुवा? मला वाटलं, हा माणूस आता बोलेल. त्यानं डफ उचलला, पायऱ्या चढला आणि मान खाली घालून फेटा बांधून घेतला. तात्यांचा राग येतो तो येतोच. पण बुवांचा जास्त येतो. त्यांना आपण हरलोय हे माहीत होतं. मला दिलेला नारळ मी पायरीवर ठेवून आले.

परतीच्या गाडीत शेवंताबाई माझ्या शेजारी बसली, आता बोलायला हरकत नव्हती. मी समजूत काढायला गेले. "सगळ्यांनी पाहिलं, जिंकलं तुमचं गाणंच."

ती माझ्याकडं वळली. "गाणं तर माझ्या बापाचंबी जिंकायचं, बाई. मला पार पायजे व्हता."



पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही वाटले. गेल्या वर्षी त्या गावी पुन्हा जाणं झालं. आता थेट डांबरी रस्ता आहे. पाराला गुळगुळीत फरशी बसवलीय, फोटो झकास येतात. नव्या कमिटीच्या पोरांनी आग्रह केला, "बसा ना मॅडम, सावली हाय."

तुम्ही गेलात तर बसा खुशाल, तुम्हाला कुणी अडवणार नाही. मी खाली उन्हात, ती सतरंजी होती तिथं उभी राहिले आणि घरी आले.