छतातलं तूस

शिक्षकांच्या खोलीत किस्से कोणी जमवत नाही, जुन्या प्रश्नपत्रिकांसारखे ते आपोआप साचतात. सूर्यमाळच्या आमच्या शाळेत ते साचले एका छतामुळे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. क्वार्टर्सवर पत्रा, त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत. मार्च लागला की दुपारी घरात थांबवत नसे. गणिताच्या शिंदे मॅडम साताऱ्याकडच्या. त्यांनी बदलीचा अर्ज टाकला. कारण एकच शब्द: 'पत्रा'!

मुख्याध्यापक भोये सर तो अर्ज घेऊन वेळापत्रकासमोर उभे राहिले. दहावीला गणित शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं.

\*

सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात छताच्या पोकळीत पाइपने कापसासारखं काहीतरी फुंकून भरतात, मग घर तापत नाही. "आपल्याकडे भाताचं तूस आहे की!"

जव्हारच्या गिरणीतून पोती आली. तूस बाहेर फेकणारा जुना ब्लोअरही आला. पाइप मॅडमच्या खोलीच्या छताच्या भोकात घातला, बटण दाबलं आणि सांधा सुटला! सर नखशिखान्त तुसात. स्वयंपाकीण जनाबाई दारातून बघत होती.

"सर, आमी तूस घराभायेर उडवतो. तुमी घरात उडवताव?"

\*

दुसऱ्या दिवशी सांधा सुतळीने आवळला आणि छत भरलं. खोली खरंच गार झाली. मॅडम म्हणाल्या, "बरं आहे." अर्ज मात्र मागे घेतला नाही.

\*

तपासणीला साहेब आले. "सरकारी इमारतीत तूस कोणाला विचारून भरलं?" सरांनी त्यांना भर दुपारी त्याच खोलीत बसवलं आणि फाइल आणायला गेले. परत येऊन बघतात तर साहेब घोरत होते! शेरा मारून गेले: 'वातावरण समाधानकारक.'

\*

आणि मग बदलीची ऑर्डर आलीच. पंधरा दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द.  मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी भोये सर शाळेची शिडी घरी नेताना दिसले.

दुसऱ्या दिवशी मॅडम ट्रंक भरत होत्या, तर छतातून आवाज आला, "कुक्!"

भोये सरांच्या घरून शिडी आणून जनाबाई वर चढली. छतातल्या तुसात खुडूक कोंबडी, पोटाखाली अकरा अंडी!

"मॅडम, आता हिला हलवायची नाय. उठली तं अंडी नासतील. एकवीस दिस बसंल."

मॅडमनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मग ट्रंकेतून एकेक साडी काढून परत दोरीवर टाकली.

आमच्या शाळेत शिडी एकच होती.