करपलेला पाक

गल्लीत तिला सगळे गोळीवाली काकू म्हणत. लिंबाच्या आणि आल्याच्या साखरगोळ्या करण्यात तिची हयात गेली होती. हातातली ती गोडी जिभेवर मात्र कधी उतरली नाही. गोडबोल्या माणसाविषयी तिला मुळातच संशय होता. साखरपेरणी करणारा आधी जमीन हेरून ठेवतो, असे ती म्हणे. शेजारचा शिंपी तिला चिडवी, की काकू, निदान बोलताना तरी तोंडात एखादी गोळी धरत जा. त्यावर ती म्हणे, की मी गोळ्या विकते, शब्द विकत नाही.

सुनेला हे कोरडेपण जड जाई. नवरा ट्रकवर, बहुतेक दिवस बाहेरगावी. घरात तिला काही कमी नव्हते. आजारपणात सासू तिच्या उशापासून हलली नव्हती. तरी कौतुकाचा एक शब्द कानावर पडावा, एवढी तिची भूक राहून गेली होती.

अशात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली. शहर दूरचे, राहायचे वसतिगृहात. नवऱ्याने फोनवर सांगितले, की माझी हरकत नाही, पण आईला विचार. आणि होकार त्याच दुपारपर्यंत कळवायचा होता.

काकूचा एक नेम होता. शेगडीवर कढई असली, की ती कुणाशी बोलत नसे. पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, तो काचेसारखा टणक झाला की तत्क्षणी कढई उतरवायची; लक्ष ढळले की साखर करपली. सुनेला हा नेम ठाऊक होता. पण प्रश्न जन्माचा आहे, आज तरी त्या बोलतील, असे तिला वाटले. दाराशी उभे राहून तिने सारे सांगितले आणि विचारले, जाऊ का. काकूने मान वर केली नाही. वाटीतल्या पाण्यात फक्त एक थेंब सोडला.

मौन म्हणजे संमती, असे जग मानते. सुनेने त्यात नकार वाचला.

ती पुढच्या खोलीत आली आणि तिने फोन लावला. घरी अडचण आहे, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या, असे ती सांगू लागली, तोच पाठीमागे पावले वाजली. काकू दारात उभी होती. हातात झारा, झाऱ्यावरून पाकाची तार फरशीवर उतरत होती.

"त्यांना सांग, येते म्हणून."

सुनेने फोनवर हात ठेवला. "आई, कढई..."

"पाक पुन्हा होतो. आधी सांग."

आतून करपल्याचा वास येऊ लागला. काकू जागची हलली नाही. सुनेचा होकार स्वतःच्या कानांनी ऐकला, तेव्हाच ती वळली. वळता वळता म्हणाली, की कढई उतरवून येतच होते मी, तेवढा दम नाही तुला. डोळे पुसताना सुनेला हसू आले. ज्या पाकापुढे या बाईने कुणाचीच पत्रास ठेवली नव्हती, तो आज आपल्यापायी जळाला, हे तिला कळले होते. कौतुकाच्या शब्दाची भूक तिला पुन्हा लागली नाही.

वासाने शिंपी आलाच. आज गोळ्या कडू का, म्हणून त्याने विचारले. दगडी ओट्यावर ओतलेल्या काळ्या वडीचा एक तुकडा काकूने फोडून त्याच्यापुढे धरला.

"सून शिकायला चाललीय. तोंड गोड करा."

शिंप्याने तुकडा तोंडात टाकला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.