पिशवीवरची तारीख

रायग्रास हे हिवाळी चाऱ्याचं गवत स्वतःचे पराग नाकारतं. दुसऱ्या रोपाचे पराग आले तरच बी धरतं. म्हणून ओंब्या फुलायच्या आधी त्यांवर कागदी पिशवी बांधायची. तरीही आत बी भरलं, तर ते रोप दुर्मिळ, स्वतःच्याच परागावर फळणारं. असं रोप शोधणं हे इंदूरच्या कृषी महाविद्यालयात माझं एमएस्सीचं काम होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. सरांनी विषय दिला तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो होतो.

पिशव्या बांधायला सिमरोलहून एक मावशी यायची. नंबर आणि तारीख मी घालायचो, गाठ ती मारायची. रंगपंचमीला तिला सुट्टी होती. सत्तावीस नंबरच्या रोपाच्या ओंब्या त्याच दिवशी बांधायला हव्यात, हे मला ठाऊक होतं. तरी मी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलो. दुसऱ्या दिवशी परागकोश बाहेर लोंबत होते.

"भिया, ये तो खुल गए," मावशी म्हणाली.

मी म्हटलं, बांधा. पिशवीवर आदल्या दिवशीची तारीख घातली.

बी भरलं. सरांनी विभागात सगळ्यांना ते हातावर घेऊन दाखवलं. खरं काय ते आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत मी राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात ते बी पेरलं. स्वतःच्या परागाची रोपं बहुधा खुरटी निघतात. ही दांडगी निघाली, आणि एकाचा तोंडवळा दुसऱ्यासारखा नव्हता. सर वाफ्यापाशी उकिडवे बसून बराच वेळ पानं चाचपत राहिले. मग म्हणाले, बाहेरचे पराग शिरलेत, मावशीची गाठ सैल राहिली असणार.

मी म्हणालो, "हो सर."

मावशीला कुणी विचारलंच नाही. तिला पिशव्यांवरून काढून खुरपणीला लावलं. माझी आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. हातात कसब असलेल्या बाईला असं मागे ढकललं की काय होतं, ते मी घरात पाहिलं होतं. महिन्याभरात मावशीने येणं सोडलं.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी मी सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रजिस्टर काढून सत्तावीसवर रेघ मारली आणि विचारलं, "तिला सांगितलंस?"

तिच्या गावाकडे, सिमरोलला, एका मोठ्या कॉलेजच्या कॅम्पसवर ती बागकामाला लागली होती. मी माफी मागितली, सर परत बोलावतायत म्हणालो. ती पाइप हातात धरून ऐकत होती.

"गांठ तो मेरी पक्की थी," ती म्हणाली. "तुम तो वहीं खड़े थे, भिया."

मग पाइप ओढत ती पुढच्या वाफ्याकडे गेली. परत आली नाही. त्या वर्षीच्या पिशव्या मी एकट्याने बांधल्या, आणि माझ्या बऱ्याच गाठी सुटल्या.