मालतीबाईंच्या हाताखाली

महाप्याच्या एका कारखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन तयार व्हायचं. तिथली प्रयोगशाळा मालतीबाई सांभाळायच्या. रोगप्रतिकारशास्त्रात डॉक्टरेट झालेल्या एकदोघांना त्या दरवर्षी हाताखाली घेत. वर्ष संपलं की कुणी कारखान्यात लागे, कुणी विद्यापीठात शिकवायला जाई. बाईंना दोन्ही सारखंच. "फक्त न बघता निवडू नका," एवढंच त्यांचं म्हणणं.

चौऱ्याऐंशी साली कमळाकर आला. कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा. प्राध्यापक व्हायचं, हे त्याचं आधीच ठरलेलं. कारखाना म्हणजे बाटल्या भरायचं काम, अशी त्याची समजूत.

बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी तबेल्यात धाडलं. घोड्याला विष थोडंथोडं टोचत वाढवत न्यायचं आणि त्याच्या रक्तात तयार होणारं प्रतिविष वेगळं काढायचं, हे त्याला पाठ होतं. पण तेवढं विष पचवलेला तांबडा घोडा निवांत गवत खाताना पाहिला, आणि तो जागीच थबकला.

बाई त्याच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेत. कधी कारखान्याच्या मॅनेजर होऊन बसत, कधी विद्यापीठाच्या समितीतल्या खडूस प्राध्यापक. शेवटचा प्रश्न मात्र एकच: "या संशोधनाचा कुणाला काय उपयोग?" तिथे कमळाकर अडखळायचा.

एका दुपारी जवळच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला. इंजेक्शनं संपली होती, आणि शेतात नाग चावलेली बाई नुकतीच आणली होती. मालतीबाईंनी इंजेक्शनांचं खोकं जीपमध्ये ठेवलं आणि कमळाकरलाही चढवलं.

दवाखान्यात ती बाई, रखमा, खाटेवर पडली होती. पापण्या मिटलेल्या, श्वास तुटक. डॉक्टरांनी सलाईनमधून औषध सुरू केलं.

"वाचंल ना वो?" तिच्या नवऱ्यानं, सीतारामनं, कमळाकरलाच विचारलं.

प्रतिविष कमळाकरला आजवर भेटलं होतं ते प्रयोगशाळेतल्या चाचणीत काचेवर उमटणाऱ्या पांढऱ्या रेघेत. आता ते त्याच्यासमोर एका बाईच्या शिरेत उतरत होतं. तो खाटेशी उभाच राहिला. उन्हं कलली तेव्हा रखमाच्या पापण्या किंचित हलल्या, अर्ध्या उघडल्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "पानी."

कमळाकरला तबेल्यातला तांबडा घोडा आठवला. विष पचवणारं ते जनावर कुठलं, ही बाई कुठली!

परतताना तो म्हणाला, "बाई, मी कारखान्यातच राहतो."

"भारावून ठरवू नकोस. महिनाभर बाटल्या तपास, मग सांग."

महिनाभर त्यानं एकेक बाटली उजेडासमोर धरून तपासली. कंटाळला, चिडलाही. तरी उत्तर बदललं नाही. विद्यापीठाकडून आलेलं बोलावणं त्यानं नम्रपणे नाकारलं.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा प्रयोगशाळा त्याच्याकडे आली. कधी भेटल्या की तो म्हणायचा, "माल बाहेर पडताना अजून एखादी बाटली उजेडासमोर धरून बघतो, बाई."

"बघायलाच हवी," बाई म्हणायच्या आणि चहा मागवायच्या.