कलम अकरा ते एकोणीस

वासेकर सराचं नाव काढलं का माझं डोस्कं आजबी सणकते. लोक म्हणतात, शकुबाई, झालं गेलं, सोडून दे. कायले सोडू? सराची वही कोणी चोरली असती तं त्याईनं सोडलं असतं का?

माझा धाकटा भाऊ लटारू कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई आहे, अन् माझी चहाची टपरी त्याच कॉलेजच्या गेटासमोर. बारावी नापास माणूस, पण वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाई. अन् वाचते तरी काय! सकाळी पुस्तकं पुसता पुसता इतिहास. दुपारी लायब्ररी रिकामी राह्यते तवा कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमिंगचं. संध्याकाळी माझ्या टपरीच्या बाकावर बसून परग्रहावरच्या विज्ञानकथा. मी म्हणो, "अरे, एक काहीतरी धर ना! राजा, मशीन अन् यान, तिन्ही एकाच डोस्क्यात कसे मावतात?"

तो म्हणे, "बाई, तिन्ही एकच आहे. असं केलं तं काय होईन, हेच तं सगळे इचारून राह्यले."

असं बोलला का मले हसूबी ये अन् अभिमानबी वाटे.

प्रोग्रॅमिंग तं तो कॉम्प्युटरशिवायच शिकला. लायब्ररीनं रद्दीत काढलेलं एक जुनं पुस्तक त्यानं मागून घेतलं होतं. पण लॅबमधी शिपायाले कोण बसू देते? मंग तो वहीतच प्रोग्रॅम लिहे, मराठीत, पेनानं. ओळीले नंबर टाके तेबी दहा, वीस, तीस. मी इचारलं, "मधातले आकडे कोणी खाल्ले रे?" तं म्हणे, "रिकामे ठेवा लागतात, बाई. मागून काही आठवलं तं मधात घुसवता येते."

त्याच वहीत त्याचा खरा जीव होता. बारा वर्षं, दर रविवारी, सायकल घेऊन तो आजूबाजूच्या गावाईले जाये अन् जुन्या तलावाईची माहिती काढे. राजानं बांधला, मालगुजारानं बांधला, हे तं सगळ्याईलेच माहीत. लटारू इचारे, माती कोणी वाह्यली? पाळ फुटली तवा कोण धावलं? बुडे-बुड्या सांगत, तो नावानिशी लिहून घे. त्यातले कितीतरी आता नाईत. त्याची एकच इच्छा होती, का हे सगळं पुस्तकात यावं. आतमधी तलाव खोदणाऱ्याईचे नावं, अन् वरती लटारूचं. बस.

वासेकर सर इतिहास शिकवतात. एक दिवस त्याईनं माझ्या टपरीवरच वही मागतली. "लटारू, दोन दिवस दे. वाचून परत करतो." आमचा भोळा सांब लगेच देऊन मोकळा! दोन दिवसाचे आठ महिने झाले. वही परत आली तं पानं दुमडलेली, अन् सर त्यावर एक शब्द बोलले नाई.

मंग एका दुपारी लटारू टपरीवर आला. तोंड पांढरंफटक. छापखान्यातून आलेला कागदाचा गठ्ठा सराले नेऊन द्याले त्याच्याच हाती दिला होता. त्यानं उघडून पाह्यला. त्याचेच तलाव, त्याचेच बुडे, शब्द न् शब्द. वर नाव, डॉ. वासेकर. लटारूचं नाव शेवटी आभारातबी नाई.

मी गाळणी हातात घेऊनच उठली. "चाल प्रिन्सिपलकडं! वही आहे ना तुझ्यापाशी? अक्षर तुझं आहे!"

"थांब, बाई." त्यानं एक पान माझ्यासमोर धरलं, अन् माझा भाऊ हसाले लागला. तसा हसताना मी त्याले कधीच पाह्यला नव्हता. त्या पानावर होतं:

आज्ञावली
१०. पाणी पाच हातांहून अधिक असेल तर मोरी उघडावी.
२०. नाहीतर मोरी बंद ठेवावी.
३०. एक घटका थांबावे.
४०. पुन्हा दहापासून करावे.

"हे तं मीच वहीत लिहिलेली विज्ञानकथा आहे," लटारू म्हणाला. "राजाच्या काळात एक यंत्र तलाव सांभाळते, पाणी सोडाची मोरी उघडते अन् लावते, अशी. हा त्या यंत्राचा प्रोग्रॅम. मराठी पुस्तकात प्रोग्रॅमले आज्ञावली म्हणतात, बाई. सराले वाटलं, राजाची आज्ञा!"

अन् त्याखाली सरानं काय लिहिलं होतं? 'हा दुर्मीळ राजहुकूम प्रथमच प्रकाशात येत आहे. कलम अकरा ते एकोणीस, तसेच पुढची मधली कलमे काळाच्या ओघात नष्ट झाली असावीत.' अगा माय! मी पोट धरून हसली. वहीत वीस पानं समोर त्याच गोष्टीत ते यंत्र चंद्रावर जाते. सरानं तितकं समोर वाचलंच नव्हतं.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "चाल, आताच जाऊ. पुस्तक अजून छापलं नाई. तुझं नाव लावून घेऊ."

लटारूनं कागद गठ्ठ्यात नीट लावले. "आज सांगतलं तं सर हे पान काढून टाकतीन, आभारात माझं नाव टाकतीन, अन् मले हात जोडून गप्प बसा लागन. नाई, बाई. छापू दे."

"अन् तुझे तलाव?"

"छापू दे," तो पुन्हा म्हणाला. त्याचे डोळे पाहून माझ्याबी अंगात कली शिरला. मी म्हटलं, हाव, छापू दे. जिरवूच त्याची.

प्रकाशनाच्या दिवशी मी टपरी बंद ठेवून, नवं लुगडं नेसून गेली. हॉल भरला होता. लटारू पाहुण्याईले पाणी देत होता. सर माइकवर आज्ञावली वाचाले लागले. शेवटच्या कलमाशी त्याईचा आवाज जड झाला. "पुन्हा दहापासून करावे! पाहा मित्रांनो, प्रजेसाठी अखंड जागणारा राजा!" टाळ्याच टाळ्या.

टाळ्या थांबल्या अन् लटारूनं ट्रे खाली ठेवला. "सर, एक शंका होती. कलम अकरा ते एकोणीस कुठी आहे?"

सर हसले. "काळाच्या ओघात गेली, लटारू."

"नाई, सर. ते मी रिकामे ठेवले होते. मधात काही सुचलं तं टाकाले."

लटारूनं वही उघडून मुख्य पाहुण्याच्या हाती दिली, चंद्राचं पान वर करून. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दिव्यानी मॅडमनं त्याच्या सांगण्यावरून त्याच चार ओळी मशीनच्या भाषेत लिहून आणल्या होत्या. त्या पडद्यावर लावल्या. मोरी बंद ठेवावी. मोरी बंद ठेवावी. मोरी बंद ठेवावी. ओळीवर ओळ, थांबेच ना!

"कायमचं थांबाची आज्ञा टाकाची राहून गेली होती, सर," लटारू म्हणाला. "ते मात्र माझी चूक."

पोट्टे बाकं वाजवाले लागले. सर रुमालानं घाम पुसून राह्यले होते. सगळ्यात जोरात मी हसली. खरं सांगते, आयुष्यात मले इतकं गोड दुसरं काही लागलं नाई.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'प्राध्यापकाचा बनावट इतिहास'. पुस्तक मागं घेतलं. सर लंब्या सुट्टीवर गेले. पंधरा दिवस मी येईन त्या गिऱ्हाइकाले चहासंग हा किस्सा ऐकवला.

मंग मीराबाई आली. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातली. तिच्या बाबानं लटारूले तलावाची सगळी माहिती सांगतली होती. ते बुडे दोन वर्षांआधी गेले. त्याच माहितीवरून गावानं पाळीवर फलक लावला होता, तलाव खोदणाऱ्या अठरा जणाईचे नावं. पहिलं नाव इसरू, मीराबाईच्या बाबाचा आजा. पेपर वाचून सरपंचाले वाटलं, हेबी त्याच बनावट पुस्तकातलं, अन् त्यानं त्या नावाईवर चुना मारला म्हणे.

लटारू वही घेऊन तिच्यासंग गेला. मीबी गेली. ग्रामपंचायतीत तो उभा राह्यला. "गोष्ट तेवढी माझी. बाकी सगळं खरं आहे, लोकाईनं सांगतलेलं आहे."

सरपंच म्हणाला, "भाऊ, खरं कोणतं अन् गोष्ट कोणती, हे तं मोठ्या सरालेबी कळलं नाई. आमाले कसं कळन? सांगणारा बुडा तं मेला."

लोक हसले. वाईट मनानं नाई, हॉलमधी मी हसली होती तसेच. लटारू वही उघडी धरून उभाच होता. मले वाटलं, एकेकाचं तोंड फोडावं, पण कोणाचं फोडू?

मीराबाई हसली नव्हती. बाहेर येऊन तिनं इचारलं, "भाऊ, पुस्तक छापाच्या आधीच तुमाले माहीत होतं?"

"हाव," लटारू म्हणाला.

"तवाच सांगतलं असतं तं ते एक पान निघालं असतं. बाकीचं राह्यलं असतं. ना?"

"हाव."

"मंग आमच्या नावाईवर चुना सरपंचानं नाई मारला, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच मारला."