समुद्राखाली दोन घोट

मालवणच्या उथळ समुद्रात प्रवाळांची पाहणी करताना आम्ही दोघी बराच वेळ पाण्याखाली होतो. सिलिंडरमधली हवा कोरडी असते. श्वास घेऊन घेऊन माझा घसा सुकला, जीभ टाळूला चिकटली. सोबतच्या शर्वरीताईंना मी गळ्याकडे बोट करून दाखवलं. त्यांनी कमरेच्या जाळीतून पाण्याची मऊ पिशवी काढली.

पाणी प्यायचं तर तोंडातली हवेची नळी काढावी लागते. सराव केला होता, तरी मी घाबरले. ताईंनी माझा दंड धरला आणि नळी माझ्या ओठांजवळच ठेवली. मी पिशवीतलं गोडं पाणी दोन घोट प्यायले, नळी पुन्हा दातांत धरली, तिच्यात शिरलेलं पाणी बाहेर काढायला जोरात फुंकलं. हवा आली.

होडीत चढल्यावर म्हटलं, "ताई, तुमचं पाणी मीच प्यायले."

"अगं, ते तुझ्यासाठीच घेतलं होतं. खाली प्यायला मला अजून भीती वाटते."

आजवर कितीजणांच्या हातचं पाणी प्यायले आणि भांडं खाली ठेवून निघाले. त्या दिवशी मात्र ताईंचा ओला हात मी किनारा येईपर्यंत सोडला नाही.